ढोलाचं साल

कापूरहोळ
६ ऑक्टोबर २०२५

ती. कुंडलिक नाना यांस,
साधनाचा नमस्कार.

मागच्या पत्रातली एक चूक आधी दुरुस्त करते. घोंगड्या वाळवायचं आपलं जुनं मशीन, ज्याला घरात सगळे ढोल म्हणतात, ते १९८६ सालचं आहे असं मी लिहिलं होतं. ते चुकीचं आहे. १९८६ हे साल मोटरच्या पाटीवर आहे, ढोलाच्या नव्हे, आणि मोटर नंतर बदललेली आहे. मी मोटरची पाटी वाचून सबंध मशीनचं साल ठरवलं. शाळेत घालायच्या आधी बाबांनी मला त्यांच्या दुरुस्तीच्या दुकानात बसवून पहिली गोष्ट शिकवली ती हीच, की जे दिसतं ते आधी सांग, जे वाटतं ते मागून. ते आज असते तर त्यांनी माझ्या हातातला पाना काढून घेतला असता.

चूक माझी, पण ती आत्याच्या अंगावर आली. तुम्ही ते पत्र भावकीत वाचून दाखवलंत. सोजराचा हात गेला एक्क्याऐंशीत, ढोल आला शहाऐंशीत, म्हणजे सोजरा खोटारडी, असं सगळ्यांना सांगितलंत. म्हणून ही दुरुस्तीही तुम्ही त्याच माणसांना वाचून दाखवावी.

तुम्ही माझा फोन घेत नाही. तोंडी बोललेलं उलटतं, जे काय ते लिहून दे, असं तुम्हीच म्हणालात. तर सगळं ओळीनं लिहिते. आत्यानं लग्न नको म्हणून रागानं स्वतःचा हात चुलीत घातला, असं आपल्या घरात चव्वेचाळीस वर्षं सांगतात. आपल्याकडे नवरदेव हळदीला आत्यानं अंथरलेल्या घोंगडीवर बसतो. स्वतःला जाळून घेणारीच्या हातची घोंगडी शुभाला चालत नाही, म्हणून सोजराआत्याला तो मान कधी दिला नाही. आता तुमच्या मुलाचं, सार्थकदादाचं लग्न आहे. रतनकाकूंच्या आजारपणात त्याला आत्यानंच वाढवलं. तरी आबाआजोबांच्या पितृपक्षातल्या जेवणाला तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, घोंगडी भावकीतली सखूबाई अंथरेल, सोजरानं गोठ्याकडं थांबावं. त्या संध्याकाळी आत्या पिशवी घेऊन माझ्या गाडीवर बसली. येताना किकवीच्या अलीकडे तिनं मला पहिल्यांदा सांगितलं, की हात चुलीत नाही, ढोलात गेला. कोणामुळे, ते ती बोलली नाही, मी विचारलं नाही.

त्याच दिवशी दुपारी मी ढोल बघितला होता, निव्वळ सवयीनं. आता फोनवरचे फोटो पुन्हा बघितले तेव्हा चूक कळली. मोटरच्या बैठकीला भोकांचे दोन संच आहेत. जुनी भोकं लांबट, पट्टा ताणण्यासाठी ठेवतात तशी. त्यांच्या शेजारी नवी गोल भोकं पाडून आत्ताची मोटर बसवली आहे. खाली जुन्या, मोठ्या मोटरच्या आकाराचा हिरवा रंग ताजा राहिला आहे. बनवणाऱ्याची पाटी मागच्या पत्र्यावर आहे. नाव घासून गेलंय, पत्ता वाचता येतो: पूना-२. सहा आकडी पिनकोड नाही. पिनकोड १९७२ साली आले. कारखान्यात जुन्या पाट्या काही वर्षं वापरल्या असतील, ती सूट धरली तरी ढोल शहाऐंशीचा होत नाही.

उत्तराची वाट बघते.


वाडी, गुंजवणे
१३ ऑक्टोबर

साधना,

पत्र पोचलं. स्पीड पोस्टाच्या पोरापुढं सही करावी लागली, तेवढा ताप तू दिलासच.

आधी म्हणालीस शहाऐंशी. आता म्हणतीस न्हाई. उद्या म्हणशील ढोल राजगड बांधायच्या आधीचा. चार नट फिरवायला आले म्हणजे माणूस मामलेदार होत न्हाई. तुझ्या पत्राला चार पानं लागत्यात, खऱ्याला एक ओळ पुरती.

पूना-२ ची पाटी हाय, मग? आबांनी ढोल जुनाच घेतला. पुण्यातल्या एका मोठ्या लाँड्रीनं काढून टाकलेला, शहाऐंशी साली. जुनी म्हैस इकत आणली म्हणून ती माझ्या गोठ्यात जन्मली व्हय? एवढं तुझ्या बापानं शिकवलं न्हाई वाटतं.

आणि ढोलाच्या खोलीचं मला सांगू नको. तुझा बाप चड्डीत फिरत हुता तवा ती खोली म्या उभी केली. ऐंशी साली, माझ्या लग्नाचा मांडव पडायच्या आधी, नदीतनं वाळू डोक्यावर आणून तिथला शिमिटाचा कोबा म्या स्वतः घातला. आबा नुसते उंबऱ्यात उभं राहून शिव्या देत हुते. आजवर त्या कोब्याला हात लावायची पाळी आली न्हाई, एक तडा न्हाई. इश्वास नसंल तर बघ येऊन. न्हाई, येऊ नको. कुलूप लावलंय.

सोजरा तुझ्याकडं दोन येळा जेवती ना? जेवू दे. हळदीला सखूबाईच अंथरणार. आणि हे सार्थकच्या कानावर घातलंस तर तू माझी पुतणी न्हाईस.

कुंडलिक


कापूरहोळ
१८ ऑक्टोबर २०२५

ती. नाना यांस,
साधनाचा नमस्कार.

म्हशीचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. ढोल कधी बनला आणि ढोल आपल्या घरी कधी आला, ही दोन वेगळी सालं आहेत. पहिलं मला साधारण सांगता येतं. दुसरं सांगता येत नाही. तुम्ही शहाऐंशी म्हणता, आत्या म्हणते तुमच्या लग्नाच्या आधीपासून होता. माझ्याकडे तिच्या शब्दापलीकडे काही नाही, हे मी कबूल करते. हे वाक्य भावकीत वाचून दाखवलंत तरी चालेल, मात्र पुढचंही वाचा.

पुढचं आत्याचं आहे. ती बोलली तसं लिहिते, मी त्यात काही घातलेलं नाही.

“लिही त्याला. म्हैस दूध देती, ढोलानं माझा हात खाल्ला. घोंगडीला चिंचोक्याची खळ लावली की ती उन्हातच वाळवायची असती, हे धनगराच्या शेंबड्या पोराला कळतं. पर आपल्याकडं चार-चार महिनं ऊन कुठं? आबांनी डोकं चालवलं, खळीची घोंगडी वली ढोलात घातली. खळ तापून ढोलाच्या भोकाभोकात दगडावानी बसायची. मग करवंटी घिऊन आत हात घालून खरवडायची. माझा हात बारीक, म्हणून ते काम माझं. त्या दिशी मी आत हुते आन ढोल फिरला. तापलेला हुता. एवढंच हाय. मग पाच वर्सं आबांनी त्यावर पोती टाकून ठिवली. शहाऐंशीत पोती काढली, नवी मोटर घातली. त्यालाच कुंडलिक ‘आणला’ म्हणतो. आन मला सांग, लग्न मोडायला कुणी उजवा हात जाळंल का? मला लग्न करायचं हुतं. पोरगा सारोळ्याचा हुता. सायकलीवर यायचा.”

तिच्या कोपरापासून मनगटापर्यंत गोल डाग आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. लहानपणी मी त्यांवर बोट ठेवून खेळायचे. तुम्ही म्हणता ते निखाऱ्यांचे. निखारे इतके सारख्या अंतरावर बसत नाहीत. ढोलाची भोकं बसतात.

मला एकदाच खोली उघडून द्या. तुम्ही समोर उभे राहा. मी कशालाही हात लावणार नाही. सार्थकदादाला मी काही सांगितलेलं नाही. तो रोज आत्याला फोन करतो. त्यानं विचारलं तर मात्र खोटं बोलणार नाही.


वाडी
३० ऑक्टोबर

साधना,

दिवाळीत माणसं फराळ पाठवत्यात. तू हे पाठवलंस.

खोली उघडणार न्हाई. उघडून करायचं काय? ढोल जाणार हाय. किल्ल्याखालच्या रिसॉर्टवाल्याला जुन्या वस्तू मांडायच्यात, बैलगाडी, जातं, असलं. त्याला म्या ढोल दिला. फुकट दिला, म्हणजे पुन्हा म्हणायला नको नाना इकून खातो.

त्याचा बी ताप तुझ्याच नावानं. काल टेम्पो आला, पाच माणसं लागली, ढोल हलंना. बघतो तर चारी पाय ईतभर कोब्यात रुतलेलं. टेम्पोवाला शहाणा, मला म्हणतो, “काका, ढोल पेरला हुता का काय?” सगळी हसायला लागली. कोबा फोडायचा तर लग्नाच्या तोंडावर खोलीचा उकिरडा व्हणार, तिथं आचारी बसवायचंत. आता कटर आणून पायच कापायचं ठरलंय. तू ती कुरापत काढली नसतीस तर ढोल जिथं हुता तिथं मेला असता.

सोजराचं बोलणं वाचलं. सायकलवाल्याचं आता आठवतंय तिला, एकसष्टाव्या वर्षी. लाज वाटंना का लिहून घ्यायला तुला? डागाचं म्हणशील तर देवीचं बी असत्यात असलं डाग. तू काय डाक्टर हायीस?

हळद २९ तारखेला. तुला पत्रिका यील, एकटीला.

कुंडलिक


कापूरहोळ
४ नोव्हेंबर २०२५

ती. नाना यांस,
साधनाचा नमस्कार.

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं, आणि आधीचंही काढून शेजारी ठेवलं. मला भीती वाटत होती की मला हवं तेच मला दिसतंय. म्हणून मुद्दाम उलट बाजूनं विचार केला. तरी ते तसंच राहिलं, म्हणून लिहिते.

१३ तारखेच्या पत्रात तुम्ही लिहिलंत, की त्या खोलीचा कोबा तुम्ही लग्नाआधी, ऐंशी साली घातला, आणि त्याला आजवर हात लावायची पाळी आली नाही. ३० तारखेच्या पत्रात लिहिलंत, की ढोलाचे चारी पाय वीतभर कोब्यात आहेत.

कोबा ओला असताना पाय आत असतील तरच ते आत राहतात. घट्ट झालेल्या कोब्यात लोखंडाचे पाय नंतर रुतत नाहीत, कितीही वजन असो. म्हणजे तुम्ही कोबा घातलात तेव्हा ढोल तिथं उभा होता. हलवायला जड, म्हणून त्याला तिथंच ठेवून त्याच्या पायांभोवती तुम्ही सिमेंट ओढलंत. आत्याला विचारलं. ती म्हणाली, “व्हय की. चार माणसं बोलवा म्हणत हुते आबा. कुंडलिकला घाई, लग्नात खोली दाखवायची हुती पाव्हण्यांना.”

ढोल ऐंशी साली घरात होता, नाना. हे मी म्हणत नाही, तुमच्या हातचं काम म्हणतंय.

चूक शोधा. कोबा मधे कधी फोडून पुन्हा घातला असेल, तर तसं लिहा, मी हे पत्र मागे घेईन आणि भावकीत येऊन माफी मागेन. नसेल तर माझी मागणी छोटी आहे. कोणाचं नाव घेऊ नका. आबांना दोष देऊ नका, ते उत्तर द्यायला नाहीत. हळदीच्या दिवशी बायका जमल्या की एवढंच म्हणा, की सोजरानं हात जाळून घेतला नव्हता, तो मशीनमध्ये गेला होता. आणि बाजूला व्हा. घोंगडी तिला अंथरू द्या.


वाडी
१३ नोव्हेंबर

साधना,

ढोल गेला. काल कटरनं पाय कापलं आणि टेम्पोत चढवला. आता काय बघशील आणि कुणाला दाखवशील?

तू लई हुशार. बापाच्या वर गेलीस. माझ्याच पत्राच्या मला बेड्या घातल्यास. म्या चुलता म्हणून चार ओळी मोकळ्या लिहिल्या, आणि तू वकिलावानी त्या जोडत बसलीस. असल्या पोरीला कोण करून घेणार?

व्हय, ढोल हुता. म्या कुठं न्हाई म्हणतो. पर ढोल हुता म्हणजे म्या मुद्दाम चालू केला असं व्हतं का? ती आत हाय हे मला दिसलं न्हाई. खोलीत काळोख, भाईर पाऊस. आबांनी हाक मारली, घोंगड्या वल्या हायत्या, ढोल लाव. म्या खटका दाबला. एकवीस वर्सांचा हुतो. रतन घरात येऊन वरीस झालं नव्हतं. तिच्या माहेरात कळलं असतं, पोलीस झालं असतं, तर तीबी गेली असती. आबा म्हणाले, पोरीचं तर मोडलंच हाय, पोराचं मोडू देत न्हाई. चुलीचं त्यांनीच सांगितलं सगळ्यांना. म्या फक्त तोंड मिटलं. त्या दिवसापासून सोजराला म्या खाऊ घातलंय, कुणी घातलंय दुसऱ्यानं? तुझ्या बापानं?

हे वाचून फाडून टाक.

हळदीला तिला आणलीस तर घोंगडी कुलपात राहील. सार्थक पाटावर बसंल, पाटावर बसून बी हळद लागती. आणि दारातनं माघारी पाठवायची पाळी आणू नको. बायका बघत असतील.

कुंडलिक


कापूरहोळ
१९ नोव्हेंबर २०२५

ती. नाना यांस,
साधनाचा नमस्कार.

तुमचं १३ तारखेचं पत्र यासोबत परत पाठवते आहे. मी ते फाडलं नाही, कारण तुमचं लिहिलेलं फाडायचा अधिकार मला नाही. फोटो काढलेला नाही, नक्कल ठेवलेली नाही. तुम्हीच काय ते करा.

बटण कोणी दाबलं हे मी एकाही पत्रात विचारलं नव्हतं. आत्यानं तुमचं नाव कधीच घेतलं नव्हतं. मी मागच्या वेळीही लिहिलं होतं, कोणाचं नाव घेऊ नका. ते तुम्ही लिहिलंत.

पत्र तिला वाचून दाखवावं की नाही, यात माझे दोन दिवस गेले. शेवटी वाचलं, कारण ते तिच्याबद्दल होतं आणि तिला न सांगता परत पाठवणं म्हणजे तिच्या पाठीमागे अजून एक गोष्ट ठेवणं झालं असतं. ती लसूण सोलत होती. डाव्या हातानं सोलते, उजवा नुसता गड्डा धरून ठेवतो. पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, “दिसले न्हाई म्हणतो? दिसले नसंन. पर मी गात हुते.”

मी म्हटलं, काय?

“ढोलात तोंड घालून गायलं की आवाज मोठा येतो. माझ्या एकटीचा पाच बायकांवानी यायचा. म्हणून खरवडायचं काम मला आवडायचं. त्या दिशी लग्नाची गाणी म्हणत हुते, माझ्या सोताच्या लग्नाची. गोठ्यात रतनला ऐकू गेलं. ती नंतर मला म्हणाली हुती, किती गोड गात हुतीस. एकदाच म्हणाली.”

मग तिनं लसणाची साल गोळा केली आणि उठली.

यावर मला काय वाटतं ते मी लिहीत नाही. पावसाचा आवाज मोठा असेल. हाक मारताना आबाही ओरडले असतील. मला ते ठरवता येत नाही. तुम्हाला येतं.

ढोल गेला म्हणता. पण पाय कापले तर ते कोब्यातच राहिले, नाना. चार लोखंडी तुकडे, तुम्ही घातलेल्या कोब्यात, तुम्ही ठेवलात तिथं. आचारी त्यांच्यावर ठेचकाळतील आणि विचारतील हे काय आहे. मी कोणाला तिथं बोट दाखवायला येणार नाही. मला त्याची गरज उरलेली नाही. ढोलाच्या सालाचा विषय माझ्याकडून संपला.

सार्थकदादानं रविवारी विचारलं. आत्या रुसली आहे का, की नानांनी काही केलं आहे, असं सरळ विचारलं. मी खोटं बोलणार नाही हे तुम्हाला आधीच लिहिलं होतं. आत्याचा हात कसा गेला तेवढं सांगितलं, तुमचं नाव न घेता. त्यानं हळदीचं विचारलं, तेव्हा पाटाचंही सांगितलं. मग म्हणाला, मी पाटावर बसणार नाही. यापुढे त्याला काय विचारायचं आणि तुम्ही काय सांगायचं, ते तुमचं तुमच्यात.

घोंगडी कुलपात राहू द्या. आम्ही आमची आणतो. भोरच्या बाजारातून काळ्या लोकरीच्या दोन पट्ट्या आणल्या आहेत, आत्या त्या मधे जोडते आहे. टाके वाकडे येतात, उसवते, परत घालते. मला हात लावू देत नाही. परवा सुई बोटात गेली तर तिनं तुम्हाला एक शिवी दिली. ती इथं लिहीत नाही.

दारातून माघारी पाठवाल, तर बायकांसमोर पाठवा. आम्ही भांडणार नाही, रडणार नाही. अंगणात घोंगडी अंथरू आणि तिच्या कडेला उभ्या राहू. त्यावर कोणी बसायचं की नाही, ते नवरदेवानं ठरवावं. आत्याला कोणी विचारलं की बाई, तुझ्या हाताला काय झालं, तर ती सांगेल. तिला आता कोणाची परवानगी नको आहे, माझीही नाही.

मला भीती वाटते, हे खरं आहे. तरी आत्यासोबत मी येणार आहे, शनिवारी, २९ नोव्हेंबरला.